तंतू, धागा आणि सूत : सोलापूरच्या वस्त्रव्यवसायातील काही शब्दांचा विचार

वस्त्रविद्येची परिभाषा मराठीत सिद्ध करावयाची झाल्यास पहिली अडचण अगदी प्रारंभीच्या शब्दापाशी येते. निसर्गात सापडणारा, कातण्यापूर्वीचा, जो मूळ केसासारखा पदार्थ, त्याला मराठीत काय म्हणावे? पाठ्यपुस्तके ‘तंतू’ म्हणतात. शेतकरी आणि कापूसबाजार ‘धागा’ म्हणतात. ‘लांब धाग्याचा कापूस’, ‘आखूड धाग्याचा कापूस’ हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. परंतु शिंप्याच्या तोंडी ‘धागा’ म्हणजे कातून, पीळ देऊन तयार झालेला दोरा. म्हणजे एकच शब्द व्यवसायाच्या एका टोकाला कच्च्या मालाचा आणि दुसऱ्या टोकाला पक्क्या मालाचा वाचक झाला आहे. ‘तंतू’ची स्थिती याहून फारशी बरी नाही. विजेच्या दिव्यातील तार, मज्जातंतू, कोळ्याच्या जाळ्यातील धागा आणि कापसाचा केस ही सर्व त्याच एका शब्दाच्या छत्राखाली येतात.

प्रस्तुत लेखात या शब्दांचा विचार सोलापूरच्या संदर्भात करावयाचा आहे. त्याला कारण आहे. सोलापूर हे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांच्या संगमावरचे गाव. दखनी उर्दू ही चौथी. १८७७ साली येथे ‘जुनी मिल’ या नावाने पुढे ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली व पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. गिरण्यांच्या आधीपासून आणि गिरण्यांच्या सोबतीने हातमागही चालू होता. त्यावर बसणारा मोठा वर्ग तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाचा होता. त्यांची घरची भाषा तेलुगू, बाजाराची मराठी. जुनी मिल १९४९ च्या ऑगस्टात बंद पडली, तेव्हा तिचे व्यवस्थापन ताब्यात घेण्यासाठी मध्यवर्ती सरकारला १९५० साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आज त्या पिढीतील मोठ्या गिरण्या राहिलेल्या नाहीत. खड्डा मागावर आयुष्य काढलेली माणसे वृद्ध झाली आहेत. चादर आणि टॉवेल यांचे उत्पादन चालू आहे, पण ते यंत्रमागावर. आणि यंत्र बदलले की शब्दही बदलतात. जे शब्द कोशात आले नाहीत ते या पिढीबरोबर जातील, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

प्रथम वस्तूचा विचार करू, कारण वस्तू नीट समजल्याशिवाय शब्दाची चर्चा पोकळ ठरते.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकाच पेशीची झालेली वाढ होय. फूल उमलल्याच्या सुमारास ही पेशी लांब होऊ लागते. पुढे तिच्या आतील अंगावर सेल्युलोजचे थर बसतात. बोंड फुटून वारा लागला की आतील रस आटतो, नळी चपटी होते आणि तिला स्वतःभोवती वेढे पडतात. लांबी साधारणतः दोन ते तीन सेंटिमीटर, जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही कमी. हे जे नैसर्गिक वेढे, तेच कापसाचे खरे भांडवल. दोन केस शेजारी आले की ते एकमेकांत अडकतात, आणि पीळ दिला असता सुटत नाहीत.

याच्या उलट उदाहरण काटेसावरीचे. सावरीचा कापूस दिसावयास अधिक तलम, स्पर्शाला अधिक मऊ. पण त्याचा केस गुळगुळीत, पोकळ आणि ठिसूळ असतो, त्यास वेढे नसतात. म्हणून तो उशीत जातो, चातीवर जात नाही. रुईच्या बोंडातून वाऱ्यावर उडणारी ‘म्हातारी’ही याच जातीची. येथे भाषेची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘रुई’ हे मराठीत मांदाराच्या जातीच्या झुडपाचे नाव, आणि व्यापाऱ्यांच्या बोलीत सरकी काढलेल्या कापसाचेही नाव. दोहोंना पांढरी लव आहे म्हणून एकाचे नाव दुसऱ्यास मिळाले, असे कोणासही वाटेल. परंतु झाडाचे नाव संस्कृत ‘रूपिका’ शब्दाकडे जाते, तर कापसाचे नाव उत्तरेकडील भाषांतून व्यापाराबरोबर आलेले दिसते. हिंदीत ‘कपास’ म्हणजे सरकीसकट आणि ‘रूई’ म्हणजे सरकीविना, असा स्पष्ट भेद आहे. मराठीत ‘कापूस’ हा शब्द दोन्ही अवस्थांना पुरतो, झाडालाही पुरतो, आणि भेद दाखविण्याची गरज फक्त बाजारात पडते. म्हणून तो शब्दही बाजारानेच आणला.

‘कापूस’ या शब्दाचा प्रवास मोठा आहे. संस्कृत ‘कर्पास’ अथवा ‘कार्पास’, प्राकृत ‘कप्पास’, मराठी ‘कापूस’. प्राकृतातील जोडाक्षराचे एकेरी अक्षर होऊन मागील स्वर दीर्घ होणे हा मराठीचा सर्वसामान्य नियम होय : कम्म–काम, हत्थ–हात, सत्त–सात, सुत्त–सूत. पश्चिमेकडे हाच शब्द ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ आणि हिब्रूत ‘कर्पस’ या रूपांनी गेला. मालाबरोबर नाव गेले, हे उघड आहे. परंतु मूळ संस्कृत शब्द तरी संस्कृतचा काय? फ्रेंच पंडित ज्यां प्रझिलुस्की यांनी तो ऑस्ट्रो-आशियाई कुळातून आला असावा, असे मत मांडले होते. ते सर्वमान्य नाही. तथापि ऋग्वेदात लोकर आहे, विणकाम आहे, पण कापसाचा उल्लेख नाही, आणि सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत मात्र कापडाच्या खुणा सापडल्या आहेत, हे लक्षात घेता हा शब्द आर्यभाषकांना येथेच मिळाला असावा, ही कल्पना सहज पटण्यासारखी आहे.

द्राविडी भाषांचे शब्द निराळे आहेत. तमिळ ‘परुत्ति’, तेलुगू ‘प्रत्ति’ किंवा ‘पत्ति’, कन्नड ‘हत्ति’. जुन्या प-काराचा कन्नडात ह-कार होतो, त्यामुळे शब्द एकच. मराठी कानाला कन्नड ‘हत्ति’ शब्दाने भलताच प्राणी दिसतो, हा केवळ योगायोग.

आता सुताकडे वळू. ‘सूत’ हा शब्द ‘सूत्र’ पासून आला, आणि ‘सूत्र’ हा ‘सिव्’ म्हणजे शिवणे या धातूशी संबद्ध आहे. म्हणजे मूळ कल्पना विणण्याची नव्हे, शिवण्याची. मराठीत मात्र शिवण्याचा तो ‘दोरा’ आणि विणण्याचे ते ‘सूत’, अशी अर्थाची अदलाबदल झालेली दिसते. ‘सुतळी’ शब्दात सूत आहे, पण सुतळी सुताची कधीच नसते. ती तागाची किंवा अंबाडीची. ‘सुतार’ हा ‘सूत्रधार’, म्हणजे रेघ मारण्याची दोरी धरणारा. त्याच्या आणि गवंड्याच्या मापात ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग. तमिळात ‘नूल्’ शब्दाचे धागा आणि शास्त्रग्रंथ असे दोन अर्थ आहेत, अगदी आपल्या ‘सूत्रा’सारखे, तेलुगू आणि कन्नडात ‘नूलु’ म्हणजे सूत. दोन वेगळ्या भाषाकुळांनी ग्रंथाला धाग्याचे नाव द्यावे, ही लक्षणीय गोष्ट आहे.

कातण्याच्या क्रियेतही असाच एक सापळा आहे. संस्कृतात ‘कृत्’ असे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा कातणे. त्यामुळे ‘केशकर्तन’ आणि ‘सूतकर्तन’ हे दोन शब्द एकाच साच्यातले दिसत असून परस्परविरुद्ध कामे सांगतात : पहिल्यात लांब वस्तू आखूड होते, दुसऱ्यात आखूड वस्तू लांब. बोलीने हा घोटाळा ठेवला नाही. तिने एकीकडे ‘कातरणे’ आणि दुसरीकडे ‘कातणे’ असे दोन वेगळे शब्द करून टाकले. संस्कृतोद्भव परिभाषा घडविताना जो भेद पुसला जातो, तो लोकभाषेने आधीच राखलेला असतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

वेचणी, मग सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे. या प्रत्येक पायरीवर वस्तू तीच, पण तिचे नाव बदलते : बोंडातला कापूस, रुई, पेळू, सूत. मराठीने द्रव्याला नाव न देता त्यावर झालेल्या श्रमाला नाव दिले, असे म्हणावेसे वाटते. परिभाषाकारांना नेमके उलट हवे असते. त्यांना द्रव्याचे एकच नाव हवे. म्हणून ते ‘तंतू’पाशी येऊन थांबतात.

पिळाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटरांच्या केसांपासून मैलभर लांब सूत होते ते केवळ पिळाच्या जोरावर. पीळ दिला की बाहेरचे केस आतल्यांना आवळतात, घर्षण वाढते आणि ओढले असता केस सरकत नाहीत. पीळ वाढवावा तसे सूत बळकट होते, परंतु एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे केस इतके तिरपे होतात की त्यांचे बळ ताणाच्या दिशेने कामीच येत नाही आणि सूत तुटू लागते. सोलापुरी टॉवेलच्या दर्शनी फासांचे सूत मुद्दाम कमी पिळाचे घेतात, कारण सैल सुतात पाणी लवकर शिरते. टॉवेलला ताण्याची दोन सुते लागतात : एक घट्ट ताणलेले, ज्यावर कापड उभे राहते, आणि दुसरे सैल सोडलेले. आडवे सूत दोनतीनदा टाकून मग फणीने एकदम ठोकले की सैल सुताचे फास वर उभे राहतात. चादरीचे काम वेगळे. तिला जाड सूत लागते, आणि जेकार्डावर नक्षी उठवावयाची असल्याने ते सूत रंगवूनच मागावर चढवावे लागते.

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पण सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ‘सुंभ’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘शुल्ब’ म्हणजे दोरी असे मानतात. यज्ञवेदी मोजण्याच्या दोरीवरून ज्यांना नाव मिळाले ती शुल्बसूत्रे हीच. नावात दोन शब्द, आणि दोन्हींचा अर्थ दोरी.

सुताची जाडी सांगण्याची विणकरांची रीत ‘नंबरा’ची. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तो त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे पौंडात १६,८०० वार. नंबर वाढेल तसे सूत बारीक. विज्ञानाच्या आधुनिक पद्धतीत एक हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन घेतात व त्यास ‘टेक्स’ म्हणतात. त्यानुसार वीस नंबरी सूत सुमारे साडेएकोणतीस टेक्स भरते. येथे आकडा वाढला की सूत जाड. रेशमाचे ‘डेनियर’ माप नऊ हजार मीटरांवर चालते आणि तेही याच दिशेचे. पुस्तकी लेखनात ‘नंबरा’साठी ‘सुतांक’ हा घडविलेला शब्द वापरतात. शब्द सुटसुटीत आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण त्यातून आकडा कोणत्या दिशेने वाढतो हे कळत नाही. ‘वीस नंबरी’ म्हटल्यावर विणकराच्या बोटांना जे कळते ते ‘सुतांक वीस’ म्हटल्यावर विद्यार्थ्याला कळेल, असे मला वाटत नाही.

मागावरील शब्दांत तीन भाषांची सरमिसळ स्पष्ट दिसते. प्रथम ‘माग’ हाच शब्द घ्यावा. कन्नडात ‘मग्ग’, तेलुगूत ‘मग्गमु’. मराठी ‘माग’ द्राविडीतून आला, हे मानण्यास कोणती हरकत घेता येईल? एक हरकत अशी की संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’ अशी दुसरी परंपरा मराठीत आहेच : ‘माग काढणे’, ‘मागोवा’. परंतु रस्त्यावरून यंत्राकडे अर्थाने जाण्याची वाट दिसत नाही, आणि शेजारच्या दोन भाषांत नेमका यंत्राचा अर्थ देणारा शब्द तयार आहे. म्हणून हे दोन ‘माग’ वेगळे मानावेत. दोघांनाही जोडाक्षराच्या त्याच नियमाने आजचे रूप मिळाले. यावरून मागाचा शब्द मराठीत बऱ्याच जुन्या काळी आला असावा, असे अनुमान करण्याचा मोह होतो. मात्र उसना शब्द आपल्या कानाच्या वळणावर नेण्याची सवय भाषेला नंतरही असते, म्हणून या अनुमानावर फार भार घालू नये.

उभ्या-आडव्या सुतांच्या जोडीचे शब्द तर तीनही भाषांत स्वतंत्र आहेत. मराठी ‘ताणा-बाणा’, तेलुगू ‘पडुगु’ आणि ‘पेक’, कन्नड ‘हासु’ आणि ‘होक्कु’. ऋग्वेदात ‘तन्तु’ आणि ‘ओतु’ अशी जोडी आहे. पैकी ‘तन्तु’ आणि ‘ताणा’ या दोन्हींत ‘तन्’ म्हणजे ताणणे ही कल्पना. म्हणजे आज ज्याला आपण कापसाचा केस म्हणून ‘तंतू’ म्हणतो, तो शब्द मुळात मागावर ताणलेल्या उभ्या सुताचा होता. कन्नडाची जोडी फार बोलकी आहे : ‘हासु’ म्हणजे अंथरणे, ‘होक्कु’ म्हणजे शिरलेले. एक सूत अंथरलेले असते, दुसरे त्यात शिरते. कन्नडात ‘हासुहोक्कु’ म्हणजे एखाद्या गोष्टीत सर्वत्र भिनलेले. आपला ‘ओतप्रोत’ शब्दही असाच मागावरचा आहे. ‘ओत’ आणि ‘प्रोत’ ही दोन्ही ‘वे’ म्हणजे विणणे या धातूची रूपे. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला जे प्रश्न विचारते, त्यांत हे सर्व कशात ओत आणि प्रोत आहे, हा प्रश्न पुनःपुन्हा येतो. आज मराठीत प्रेमाने ‘ओतप्रोत’ भरलेले पत्र म्हणतात, तेव्हा बहुतेकांच्या मनापुढे काहीतरी ओतल्याचे चित्र असते. ‘बाणा’ शब्दाच्या बाबतीत मात्र असा मोह टाळावा. ‘करारी बाणा’ आणि मागावरचा ‘बाणा’ यांचा उच्चार एक आहे एवढ्यावरून नाते जोडता येत नाही.

विणकर आणि कोळी-किडा यांचे नाते मात्र खरे आहे. प्राकृतात ‘कोलिअ’ शब्द विणकर आणि जाळे विणणारा किडा अशा दोन्ही अर्थांनी येतो. तेलुगूत कोळ्याला ‘सालेपुरुगु’ म्हणतात. ‘साले’ म्हणजे विणकर, ‘पुरुगु’ म्हणजे किडा. ‘पद्मशाली’ या नावाच्या उत्तरार्धाशी आणि मराठी ‘साळी’ या शब्दाशी त्या ‘साले’ची तुलना करून पाहावी.

मराठीचे स्वतःचे शब्दही मागावर कमी नाहीत : धोटा, कांडी, फणी, वही. वहीतून आणि फणीतून ताण्याचे एकेक सूत ओवण्याचे काम करणाऱ्यांना ‘वहिफणी’ कामगार असे सामासिक नाव पडले आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने यातील ‘वही’ हा हिशेबाची वही नव्हे, एवढे तरी शिकून यावे. माझ्या आवडीचा शब्द ‘पाजणी’. ताण्याचे सूत फणीत सतत घासले जाते, म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ देऊन त्याची लव बसवावी लागते. आडव्या सुताला ही गरज नसते. खळ देण्याला ‘पाजणे’ म्हणतात. तलवारीला पाणी पाजतात, सुताला खळ पाजतात. या एका शब्दात क्रिया, तिचे प्रयोजन आणि सुताबद्दलची जवळीक सगळे आले आहे. यंत्रमागाच्या धंद्यात तिथे आता ‘सायझिंग’ शब्द रूढ आहे.

लोकरीची घोंगडी विणताना चिंचोक्याची खळ देतात. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील कोरड्या मुलखात धनगरांची जी दख्खनी मेंढी चरते, तिची लोकर जाडीभरडी, बहुधा काळी आणि राठ असते. कपड्याच्या गिरणीला ती नको, पण पावसाला आणि थंडीला तिची घोंगडी टिकते. ‘लोकर’ शब्द पूर्वी ‘लोंकर’ असा लिहीत. हिंदीने ‘ऊर्णा’पासून ‘ऊन’ घेतले. मराठीने ते घेतले असते तर उन्हाळ्यात पंचाईत झाली असती. ‘रेशीम’ फारसीतून आले.

सर्वांत मोठा गोंधळ ताटांच्या सालीपासून निघणाऱ्या तंतूंचा आहे आणि तो केवळ शब्दांचा नाही. ‘ताग’ म्हणजे काय? महाराष्ट्रातील शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो, ज्याला बोरू असेही म्हणतात, ती शेंगा धरणारी द्विदल वनस्पती. भूगोलाच्या पुस्तकात बंगालमधील तागाच्या गिरण्या येतात, तो ताग निराळ्याच कुळातला. इंग्रजांनी ज्याला ज्यूट म्हटले तो. अंबाडी तिसरी, भेंडीच्या नात्यातली. तिन्हींची ताटे पाण्यात कुजवतात, म्हणजे साल आणि गाभा यांना जोडणारे पेक्टिन सूक्ष्म जंतूंकरवी विरघळवून घेतात, आणि मग वाख सोलून काढतात. घायपात, ज्याला खेड्यांत केकताड म्हणतात, ते अमेरिकेतून आलेले. त्याचा वाख पानातून निघतो. दोरखंड वळणाऱ्यांना या वनस्पतींतला फरक हातानेच कळतो. ‘ताग’ हा एक शब्द दोन झाडांना लावून पुस्तके मोकळी झाली आणि विद्यार्थी मात्र शेतातल्या बोरूचे पोते होते असे समजून बसला.

येथे ‘वाख’ हा शब्द परिभाषेच्या दृष्टीने फार उपयोगाचा आहे. सालीतून किंवा पानातून निघणाऱ्या, न कातलेल्या तंतूला मराठीत हे नेमके नाव आहे. पाठ्यलेखनात त्याऐवजी ‘खोडतंतू’, ‘पर्णतंतू’ यांसारखे समास करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

१९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठीत परिभाषेचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून पुढे निघाले. या दोन्ही कोशांत धंद्यांतील शब्दांना मोकळेपणाने जागा दिली आहे, हा त्यांचा मोठा गुण. सोलापूरचे काम त्यांपुढचे आहे. येथे कोणत्याही एका भाषेची शब्दयादी घेऊन घरी आलेला संशोधक अर्धेच काम करून येईल. विणकराला मराठीत विचारल्यास तो बाजाराचा शब्द सांगेल. तोच प्रश्न त्याच्या घरात, कांडी भरणाऱ्या वृद्ध स्त्रीला तेलुगूत विचारावा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत. वस्तू समोर असावी, तिचे रेखाचित्र काढावे, क्रिया चालू असताना क्रियापद टिपावे. नामे तरी कशीबशी उरतात. पाजणे, सांधणे, ओवणे, ठोकणे यांसारखी क्रियापदे माग थांबला की त्या अर्थाने कोणी वापरत नाही. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी विषय शोधताना अशोक चौक आणि त्याच्या पूर्वेकडील विणकर वस्तीचा विचार प्रथम करावा.